ओमाहा किनाऱ्यावर प्रत्यक्ष हुकूम कोणाचा चालत होता?

प्रश्न: ६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या ओमाहासारख्या किनाऱ्यांवर उतरलं, तेव्हा सर्वोच्च सेनापती आयझेनहॉवर होते. मग ऐन किनाऱ्यावरचे निर्णय कोण घेत होतं?

उत्तर १: आयझेनहॉवर यांनी हवामानामुळे मोहीम एक दिवस पुढे ढकलली, मग निघण्याचा हुकूम दिला. त्यानंतर जमिनीवर मॉन्टगोमेरी, समुद्रात रॅम्से, हवेत ली-मॅलरी. किनाऱ्यावर मात्र वायरलेस संच भिजले, अधिकारी पडले. जो कोणी उरला असेल त्याने माणसं गोळा करून पुढे न्यायची.

उत्तर २: तरंगते रणगाडेच बघा. ७४१व्या बटालियनचे २९ रणगाडे खोल पाण्यात सोडले. लाटांनी त्यांना तरंगत ठेवणारे कॅनव्हासचे पडदे कोसळले आणि २७ बुडाले! शेजारच्या ७४३व्या बटालियनचे मात्र तिथल्या अधिकाऱ्यांनी खवळलेला समुद्र पाहून थेट वाळूवर उतरवले.

उत्तर ३: यूटा या दुसऱ्या किनाऱ्यावर समुद्राच्या प्रवाहाने पहिली तुकडी सुमारे २ किलोमीटर दक्षिणेला नेली. ब्रिगेडियर जनरल रूझवेल्ट यांनी जागेची पाहणी केली आणि पुढच्या तुकड्या तिथेच उतरवायचं ठरवलं.