ख्रिसमसचा नंबर एक: याला जनतेचा विजय म्हणायचं?

थेम्सकाठ

परवाच्या धाग्यावर गिटारवेडा यांनी लिहिलं की २००९ साली इंग्लंडच्या जनतेने टीव्हीवरच्या सायमन कॉवेलचं नाक कापलं, ख्रिसमसचा नंबर एक (नाताळच्या आठवड्यात ब्रिटनच्या यादीत पहिलं येणारं गाणं) त्या वर्षी खऱ्या अर्थाने लोकांचा झाला, आणि अशा मोहिमा दरवर्षी व्हायला हव्यात. खाली 'सहमत'ची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही, म्हणून वेगळा धागा.

मी २००४पासून इंग्लंडमधल्या रेडिंगला आहे. कॉवेलच्या 'एक्स फॅक्टर' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा कंटाळा मलाही आला होता. डिसेंबरच्या मध्यावर अंतिम फेरी, लगेच विजेत्याचं गाणं बाजारात, आणि ख्रिसमसला तेच पहिलं. २००५ ते २००८ सलग चार वर्षं हेच. मग जॉन आणि ट्रेसी मॉर्टर या जोडप्याने फेसबुकवर हाक दिली आणि लोकांनी 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक बँडचं १९९२चं 'किलिंग इन द नेम' वर चढवलं. त्याच्या ५,०२,६७२ प्रती खपल्या, त्या वर्षीचा विजेता जो मॅकएल्डरी याच्या गाण्याच्या ४,५०,८३८.

आता पैसे कुठे गेले ते बघा. 'रेज'ची एपिक ही कंपनी सोनीची. कॉवेलच्या 'सायको' या कंपनीमागेही सोनीच. म्हणजे दोन्ही गाण्यांची मिळून साडेनऊ लाख विक्री एकाच घरात जमा झाली. नाक कापलं म्हणता, मग गल्ला कुणाचा भरला?

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. नंबर एकचा अर्थ काय, तर त्या आठवड्यात लोकांनी काय ऐकलं. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात रेडिओ लावून यादी ऐकायची, त्यात मला देश काय गुणगुणतोय ते कळायचं. मोहिमेत गाणं ऐकायला कोण घेतं? कुणाला तरी पाडायला घेतात. पुढच्याच वर्षी जॉन केजच्या ४ मिनिटं ३३ सेकंदांच्या शांततेची मोहीम निघाली आणि ती २१व्या नंबरपर्यंत गेली. तिथे ऐकण्याचा संबंध उरला का?

आणि मॅकएल्डरी तेव्हा अठरा वर्षांचा होता. साउथ शील्ड्सचा पोरगा, नीट गाणारा. कॉवेलचा राग त्याच्यावर काढला.

गिटारवेडा

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर सविस्तरच लिहितो.

डिसेंबर २००९मध्ये मी लीड्सला एम.एस्सी. करत होतो. एका घरात सात जण, हीटिंगला प्रीपेड मीटर, कार्ड संपलं की ब्लँकेट. २० तारखेच्या रविवारी बाहेर बर्फ आणि आम्ही सातही जण एका खोलीत रेडिओभोवती. नंबर दोन म्हणून मॅकएल्डरीचं नाव आलं तेव्हा आमच्यातला एक घानाचा मुलगा अक्षरशः रडला. त्या शहरात त्याला पोलिसांनी किती वेळा अडवून खिसे तपासले होते ते आम्ही बघितलं होतं. ते गाणं पोलिसांमधल्या वर्णद्वेषाबद्दल आहे. 'कुणाला तरी पाडायला घेतात' हे तुम्ही त्याच्याबद्दल लिहिलंय, थेम्सकाठ.

सोनीचा मुद्दा मी तेव्हापासून ऐकतोय. आम्हाला ते माहीत नव्हतं असं वाटतं का? सोनीला बुडवायला कोण निघालं होतं? टीव्हीवरचा एक माणूस दरवर्षी ठरवतो की देशाने ख्रिसमसला काय ऐकायचं, त्याला एकदा 'नाही' म्हणायचं होतं. त्याच मोहिमेतून 'शेल्टर' या बेघरांसाठीच्या संस्थेला ७० हजार पौंडांहून जास्त मिळाले. बँडने शब्द पाळला आणि जून २०१०मध्ये फिन्सबरी पार्कात फुकट कार्यक्रम केला.

आणि मॅकएल्डरी पुढच्याच आठवड्यात पहिला आला. त्याचं काय वाकडं झालं?

शेवगा

गिटारवेडा +१. एकदा तरी लोकांनी ठरवलं.

माणदेशी

लोकांनी ठरवलं म्हणजे कुणी ठरवलं? हे असलं 'लोकांनी ठरवणं' आम्ही भोगलंय.

२००७-०८ची गोष्ट. आमच्या तालुक्यातली एक पोरगी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या दहात पोचली. कार्यक्रमाचं नाव घेत नाही. एसटी स्टँडसमोर वीस फुटी फ्लेक्स लागला, पोरीचा फोटो तळहाताएवढा आणि पुढाऱ्यांचे डोक्याएवढे. मोबाइलच्या दुकानात टेबल टाकून आम्ही आठ-दहा पोरं बसायचो. रिचार्ज मारायचा आणि मेसेज पाठवत सुटायचं. दर शंभर मेसेजला सेंट बॉक्स भरायचा, तो रिकामा करायचा, परत सुरू. अंगठ्याला घट्टे पडले. माझ्या चुलत्याने डाळिंबाच्या पट्टीतले पंधरा हजार दिले.

पोरगी बाद झाली. किती मतं पडली, आमची किती धरली, कुणाला पडली, काही नाही. पैसे कंपनीला आणि चॅनेलला. ती गावात परतली तेव्हा लोकांनी तोंडावर विचारलं, 'आमचे पैसे पाण्यात घातलेस ना?' तिचा काय दोष होता? ती गात होती.

तेव्हा पैसे देऊन मत देण्याला लोकशाही म्हणू नका. गाण्याचे ७९ पेन्स काय आणि तीन रुपयांचा मेसेज काय, ज्याचा खिसा जड त्याची मतं जास्त.

गिटारवेडा

माणदेशी, दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ होतेय. तुमच्याकडे मतं मोजणारा आणि पैसे घेणारा एकच होता. तिकडे विक्री मोजणारी संस्था वेगळी, आकडा एककापर्यंत जाहीर.

माणदेशी

आकडा जाहीर झाला म्हणजे खिसा हलका झाला नाही का? साहेब, तुम्ही तिकडे ब्लँकेटात बसून क्रांती केलीत, आम्ही इकडे चुलत्याच्या शिव्या खाल्ल्या. भेसळ वगैरे शब्द जरा जपून वापरा.

जुनी तबकडी

भांडू नका. हे सगळं मेसेज येण्याच्या फार आधीपासून चालत आलंय.

बिनाका गीतमाला. बुधवार, रात्री आठ, रेडिओ सिलोन. आमच्या अकोल्यात श्रोता संघ होता. सिलोन नीट लागावं म्हणून एरियलची तार खिडकीतून काढून शेजारच्या लिंबाला बांधलेली. पोस्टकार्ड सेक्रेटरी लिहायचा, खाली सगळ्यांची नावं. मी तेव्हा सातवीत होतो. संघात आम्ही अकरा जण आणि कार्डावर नावं तीस. माझ्या आजीचंसुद्धा नाव असायचं आणि आजीने आयुष्यात एकही सिनेमा बघितला नव्हता. सेक्रेटरी एका नायकाचा भक्त, त्याच्या सिनेमाचं गाणं आम्ही न ऐकताच वरच्या पायदानावर ढकलायचो.

आणि तरीसुद्धा अमीन सायानींच्या आवाजात आपलं गाणं वर सरकल्याचं कळलं की अंगावर काटा यायचा. त्याची सर तुमच्या कुठल्याच यादीला नाही.

शेवगा

काका, गीतमाला तबकड्यांच्या खपावर ठरायची. पत्रांवर फर्माइशीचे कार्यक्रम चालायचे. झुमरीतलैयाची पत्रं तिथलीच.

जुनी तबकडी

चूक. खप आणि श्रोता संघांची पत्रं, दोन्ही धरायचे. मी स्वतः पेटीत टाकलेली पत्रं आहेत, मला शिकवू नका. झुमरीतलैयावाले फर्माइशी पाठवत, ती गोष्ट वेगळी.

शेवगा

बरं, दोन्ही. पण मग तुमच्या अकोल्याने खोटी नावं घालून देशाची यादी बिघडवलीत की. थेम्सकाठ म्हणतात ते हेच.

जुनी तबकडी

खोटी नावं? आजी माझी खरी होती. आणि अकोल्याला कोण विचारत होतं? मुंबईत गाणी बनायची, कोलंबोहून वाजायची. त्या कार्डापुरतं अकोला त्या यादीत असायचं. त्याला बिघाड म्हणणाऱ्याने पंधरा पैशाचं कार्डही कधी लिहिलं नसेल.

माझी तक्रार उलटी आहे. हिंदी सिनेमाच्या गाण्यांची दर आठवड्याला अशी बूज राखली गेली, आपल्या भावगीतांसाठी तशी बुधवारची आठ वाजताची वेळ कुणी दिली? घराघरात गायली गेलेली गाणी, पण कुठल्या आठवड्यात कुठलं पुढे होतं ते सांगायला आज कागद नाही.

थेम्सकाठ

अवांतर पुरे झालं, मूळ मुद्द्यावर येऊ. तरी तबकडीकाकांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं: 'न ऐकताच वर ढकलायचो.'

याचं टोक बघायचं तर लॅडबेबी. नॉटिंगहॅमचा मार्क हॉइल आणि त्याची बायको, जुन्या गाण्यांत सॉसेज रोल घालून विडंबनं. २०१८ ते २०२२ सलग पाच वर्षं ख्रिसमसला पहिले. बीटल्सना चारदा मिळालं होतं, यांना पाचदा. २०२०चं गाणं तर पुढच्याच आठवड्यात थेट ७८वर घसरलं. नाताळ संपताच ते कुणालाच ऐकायचं नव्हतं.

रात्रपाळी

आतापर्यंत नुसतं वाचत होते. आता लिहिते, कारण त्या ७८च्या आकड्याने डोकं फिरलं.

मी मिरजेची, अकरा वर्षं इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, नर्स आहे. लॅडबेबीचे पैसे फूड बँका चालवणाऱ्या ट्रसेल ट्रस्टला गेले, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात. आमच्या वॉर्डातली एक हेल्थकेअर असिस्टंट, दोन मुलांची आई, रात्रपाळी संपवून तशीच चर्चच्या हॉलमध्ये रांगेत उभी राहायची. एकदा तिला न्यायला गाडी घेऊन मी गेले होते. राजम्याचे डबे, पास्ता, यूएचटी दूध, आणि वर कुणीतरी मुद्दाम ठेवलेला चॉकलेटचा छोटा डबा. गाडीत बसल्यावर तिने तो पिशवीच्या तळाला सारला, मुलांना नाताळच्या सकाळी द्यायचा म्हणून. गाणं ७८वर गेलं तरी तो डबा मुलांना मिळालाच ना?

२०१२चं 'जस्टिस कलेक्टिव्ह' घ्या. हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानात १९८९ला माणसं चिरडून मेली आणि दोष त्यांच्याच माथी मारला गेला. त्यांच्या घरच्यांच्या कोर्टाच्या खर्चासाठी ते गाणं होतं. २०१५ला लुईशॅम आणि ग्रिनिचचा एनएचएस गायकवृंद जस्टिन बीबरच्या पुढे गेला. त्याने स्वतः चाहत्यांना यांचं गाणं घ्या म्हणून सांगितलं. ज्युनियर डॉक्टर करारावरून संपाच्या तयारीत होते, रोज पेपरात आम्हाला बोल लावले जात होते. त्या रात्री स्टाफ रूममध्ये गार झालेल्या चहाभोवती आम्ही चौघी ते गाणं तीनदा ऐकत बसलो. हो थेम्सकाठ, ऐकत. मोहिमेतलं गाणं कुणी ऐकत नाही असं परत लिहू नका.

थेम्सकाठ

ताई, तुमच्या कामाबद्दल एक शब्दही नाही. पण दानाचं नाव आलं की गाण्याबद्दल बोलायची सोयच राहत नाही, हीच माझी अडचण. आणि दानच करायचं तर सरळ करा. इथे कर भरणाऱ्याने संस्थेला थेट एक पौंड दिला तर गिफ्ट एडमधून सरकार पंचवीस पेन्स वर घालतं. गाणं विकत घेतलं तर ते नाहीच, शिवाय व्हॅट कापला जातो. १९८४ला इथिओपियाच्या दुष्काळासाठी काढलेल्या 'बँड एड'च्या गाण्याच्या वेळी याच व्हॅटवरून थॅचर सरकारशी जुंपली होती.

रात्रपाळी

गिफ्ट एडचं खरं आहे, मान्य. पण तुमच्या ऑफिसातल्या किती जणांनी डिसेंबरात आपणहून तो पौंड दिला, तेवढं सांगा. मी आमच्याकडचे मोजले होते. आम्ही दोघी.

गिटारवेडा

आणि थेम्सकाठ, तुमची ती 'कानाने ठरलेली' यादी आता कुठे आहे? मोहिमा थंडावल्या तेव्हा काय झालं? २०२३ला 'वॅम'चं 'लास्ट ख्रिसमस' पहिलं आणि २०२४ला परत तेच. १९८४चं गाणं, जे तेव्हा 'बँड एड'मुळे दुसरं राहिलं होतं. यादीत स्ट्रीमिंग धरतात, पैसे भरणाऱ्यांचे शंभर आणि फुकट्यांचे सहाशे स्ट्रीम म्हणजे एक विक्री. लोक स्पीकरला 'ख्रिसमसची गाणी लाव' म्हणतात आणि भाज्या चिरायला वळतात. ते गाणं कुणी निवडलं? कॉवेल निदान दिसायचा तरी.

थेम्सकाठ

'लास्ट ख्रिसमस' लोकांनी खरोखर ऐकलं, मला हवं होतं तेच झालं, असं उत्तर लिहायला बसलो होतो. पण आमच्या घरीही तसंच लागतं आणि मधूनच कुणीतरी 'आवाज कमी कर' म्हणतं. ते गाणं आमच्या घरात कुणी निवडलं नाही, एवढा तुमचा मुद्दा घेतो. २००९चा नाही घेत. सोनीचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

२००८ची मोहीम मात्र मला आवडली होती. 'हालेलुया' विजेत्या अलेक्झांड्रा बर्कने गायलं आणि लोकांनी जेफ बकलीचं तेच गाणं दुसऱ्या नंबरवर आणलं. लेनर्ड कोहेनचं मूळ गाणं ३६वर आलं. तिथे भांडण गाण्याचं होतं, कोण चांगलं गातो याचं. मी तेव्हा तिन्ही लागोपाठ ऐकली होती.

गिटारवेडा

म्हणजे तुम्हाला आवडलेली मोहीम चालते. ठीक.

आणि सोनीचं उत्तर मी पहिल्याच प्रतिसादात दिलंय, परत वाचा. तुम्हाला पटलं नाही, एवढंच.

माणदेशी

काल गिटारवेडांना जास्त बोललो, ते मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

शेवगा

माणदेशी, त्या मुलीचं पुढे काय झालं?

माणदेशी

दोन वर्षं गाणं बंद होतं. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. परिपाठाला पोरांकडून गाणी बसवून घेते, सव्वीस जानेवारीला सगळा गाव ऐकायला उभा असतो. माझा चुलता पुढच्या रांगेत.

जुनी तबकडी

शेवगा, श्रोता संघाच्या पत्राची एक कार्बन कॉपी माझ्या ट्रंकेत सापडलीय. तीस नावं आहेत. आजीचं अकरावं.