करिंथच्या मंडळीला आत्म्याचा अनुभव खरंच आला होता का?

शमुवेल_नगरकर
काल इथे कोणीतरी लिहिलं की पवित्र आत्म्याने अन्य भाषा बोलणं (म्हणजे न शिकलेल्या, अनोळखी भाषेत), रोगी बरे होणं हे सगळं शे-दोनशे वर्षांनी रचलेलं, पहिल्या ख्रिस्ती लोकांना असं काही झालंच नव्हतं. डोकंच फिरलं. अहो, प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेलं पहिलं पत्र इ.स. ५५ च्या आसपासचं, आणि त्यात तो अनुभवाची जाहिरात करत नाहीये, वैतागलाय! १४ वा अध्याय काढा. दोघा-तिघांनीच बोला, तेही पाळीपाळीने, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसा, बाहेरचा माणूस आला तर तुम्हाला वेडे म्हणेल. जे घडतच नाही त्याला आवर कोण घालतं? गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, तर पत्रात सरळ विचारतो, आत्मा मिळाला तो मोशेचं नियमशास्त्र पाळून की विश्वासाने? म्हणजे मिळाला हे दोन्ही बाजूंना मान्यच, भांडण पुढचं.

तर्कट
बरं, अनुभव आला असेल. पण देवाचाच कशावरून? त्याच करिंथमध्ये अस्क्लेपियसचं, म्हणजे रोग बरे करणाऱ्या ग्रीक देवाचं, देऊळ होतं, उत्खननात मातीचे हात, पाय, कान ढिगाने सापडलेत, पौलाच्या कितीतरी आधीचे, नवस फेडायला वाहिलेले. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे वाहतात तसेच. मग तोही देव खरा धरायचा? आणि अंगात तर आमच्या जत्रेतही येतं.

रेबेका
पौलानेही नुसत्या अंगात येण्याला किंमत दिलेली नाही. अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बरे म्हणतो. त्याची कसोटी एकच, मंडळीची उन्नती होते का. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी लाट, आलं तेव्हा मुली रडत पापं कबूल करत होत्या आणि मग टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला गेल्या. रमाबाईंसारखी विदुषी ते डोळ्यांनी बघत होती, तिला काय भुलवलं होतं का कोणी?

कडू_काढा
रमाबाईंबद्दल आदर आहे, पण आजचं बोला. आमच्या मावशीला प्रार्थना सभेत सांगितलं, विश्वास असेल तर इन्सुलिन सोड. सोडलं. पायाची जखम चिघळली, दोन बोटं काढावी लागली. वर ऐकवलं काय तर तुमचाच विश्वास कमी पडला. हाच तुमचा सामर्थ्याचा अनुभव?

शमुवेल_नगरकर
हे पौलाच्या माथी मारू नका. त्याच्या स्वतःच्या 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला छळणारा त्रास, देवाला तीनदा विनंती करूनही गेला नाही. त्याचा विश्वास कमी होता का?

कडू_काढा
मग हे व्यासपीठावरून का नाही सांगत? बरे झालेल्यांच्या साक्षी माइकवर, न झालेले घरी. त्या सभेला तुमच्यासारखे वाचणारे शंभर जण असतील, एकाने तरी उठून हा काटा वाचून दाखवला?

रेबेका
पाळकांना दोष देणं सोपं असतं. माझा भाऊ प्रार्थनेनेच दारूतून सुटला, त्याचं काय?

कडू_काढा
सुटला, आनंद आहे. म्हणून मावशीची बोटं परत येणार आहेत का?

तर्कट
शमुवेल, पत्र जुनं आहे आणि त्या लोकांना काहीतरी झालं होतं, इतकं मी लिहून देतो. देवाने केलं, हे मात्र नाही.

शमुवेल_नगरकर
कालच्या पोस्टला तेवढंच उत्तर हवं होतं. आणि ताई, तुमचं खरं आहे, पुढच्या रविवारी उपासनेत २ करिंथ १२, तोच काट्याचा अध्याय, मी वाचणार, कोणाला राग आला तर येऊ दे.

कडू_काढा
वाचा. पण औषध बंद करू नका हेही त्याच माइकवर बोला.