सेलेनियम ग्रिड रात्री ठप्प होतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. आमच्या छोट्या ऑफिसात एका लिनक्स सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) सेलेनियम ग्रिड चालतं, म्हणजे वेबसाइटच्या टेस्टसाठी आपोआप ब्राउझर चालवणारी यंत्रणा. आठवडाभर रोज रात्री अकराच्या सुमारास, नेमका मी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात असताना, अलर्ट येतो: सगळे स्लॉट (एकेका ब्राउझर सेशनची जागा) भरलेले, रांग लांबच लांब. आमच्या टेस्ट तर रात्री दोनला सुरू होतात!

लॉगमध्ये अनोळखी आयपी दिसले. ग्रिडचा ४४४४ पोर्ट बाहेर उघडा होता, चूक माझीच. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये तो बंद केला होता हो, पण डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या खालच्या पातळीवरच्या फायरवॉल नियमांत) स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यूला विचारतही नाही, हे आत्ता कळलं. ग्रिड आपणहून पासवर्ड मागत नाही. कुणी सेशन उघडून तसंच सोडलं की तो स्लॉट डीफॉल्टने ३०० सेकंद अडून राहतो. दारात गाडी लावून मालक गायब, तशातली गत.

आता पोर्ट १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त त्याच सर्व्हरपुरता बांधलाय, बाहेरचा त्रास थांबला. पण पुण्यातल्या सहकाऱ्याला ग्रिड लागतं. ग्रिडच्याच राउटर या भागाचं युजरनेम-पासवर्ड पुरेल, की व्हीपीएनच हवं? सेशन टाइमआउट ६० सेकंद केला तर मोठा रिपोर्ट उतरेपर्यंत गप्प बसणारी आमचीच टेस्ट मरेल, त्यावर काय करता?

आणि खरी धास्ती वेगळीच. ग्रिडच्या ब्राउझरमधून कुणी आमच्या आतल्या नेटवर्कवरची पानं उघडली असतील का, हे कुठे तपासू?