पोरांना सोबत घेऊन रस्त्यावरचे फोटो काढलेत का कुणी?

काल जुनी हार्ड डिस्क लावली, २०१४चं फोल्डर उघडलं. पुण्याची मंडई, रविवार सकाळ, लेक चार वर्षांची. तिथे गाळे उंच, विक्रेते वर बसतात, मी आपली कमानी नि मधला टॉवर काढत होते. तिने हट्ट केला म्हणून पट्टा गळ्यात अडकवून कॅमेरा दिला. तिचे अकरा फोटो सापडले. तराजूचं पारडं खालून, वांग्यांच्या ढिगाआडून वाकून बघणाऱ्या मावशी, थेट तिच्याकडे बघून हसतायत. माझ्या एकाही फोटोत कुणी असं हसलेलं नाही. लिहा ना तुमचेही.

– दादर फूल मार्केट, उजाडलं की. एक हात मुलाच्या हातात, कॅमेरा दुसऱ्या, मग ३५ एमएम लेन्स, एफ ८ (छिद्र लहान, म्हणजे पुढचं-मागचं बरंच स्पष्ट येतं), फोकस अडीच मीटरवर ठेवून द्यायचा नि अंदाजाने दाबायचं. एका दादांनी पोराला झेंडूच्या गोणीवर बसवून ओवायला शिकवलं, फोटो राहिले, मी बघतच बसलो

– आमची सात वर्षांची विचारते, बाबा तू त्या काकांना विचारलंस का? हातगाडीवर झोपलेले हमाल होते. नव्हतं विचारलं. तिथेच डिलीट केला. आता आधी तीच जाऊन विचारते, नाही म्हणाले तर नाही. मग लोक ताठ उभे राहतात, कँडिड जातं. जाऊ दे.

– पाणी, टोपी, बिस्किटं. एक तास, पुढे एक मिनिट नाही. कुकर झाला, नंतर लिहिते

– ताई त्या मावशींना प्रिंट नेऊन द्याच!! कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ एक फुगेवाले आजोबा, मुलगा फुगा घेतानाचा फोटो. ४×६ प्रिंट दिली तर घडी घालून पाकिटात ठेवली. दोन वर्षांनी गेलो, आजोबा नव्हते, शेजारच्या भेळवाल्याने सांगितलं. मुलगा अजून आठवण काढतो.

– अरे रे 😔

– कोल्हापूरचे का तुम्ही? माझं माहेर मंगळवार पेठ

– हो हो, शिवाजी पेठ! म्हणजे शेजारीच की

– प्रिंट काढायला टाकली आजच. मावशी असतील का कोण जाणे. लेकीची दहावी आहे, तरी रविवारी येते म्हणाली.