मदत हवी आहे: आजींची कवळी अर्ध्यात राहू नये म्हणून

नमस्कार, मी मुंबईत बीडीएस (दातांच्या डॉक्टरकीची पदवी) फायनल इयरला आहे. माझ्याकडे कसाऱ्याहून एक आजी येतात, तोंडात एकही दात नाही, वरची खालची पूर्ण कवळी करायचीय. दोन्ही मापं झाली, आता मेणाचे ब्लॉक लावून चावा घ्यायचा (म्हणजे वरचा-खालचा जबडा कसा जुळतो ते नोंदवायचं), मग मेणातल्या दातांची ट्रायल, मग कवळी, म्हणजे अजून तीन फेऱ्या तरी, आणि नंतर कुठे टोचली तर घासून घ्यायला परत यायचं ते वेगळंच. आमच्याकडे प्रत्येक स्टेपला मॅडम तपासून सही करतात, ते बरोबरच आहे पण गर्दीत अख्खी सकाळ जाते, आजी पहाटेची लोकल धरून उपाशीपोटी आलेल्या असतात आणि सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो. काल फोनवर म्हणाल्या, "राहू दे गं पोरी आता."

माझा कोटा, म्हणजे आम्हा विद्यार्थ्यांना पूर्ण कराव्या लागणाऱ्या केसेस, दुसऱ्या पेशंटवर होईल हो, पण त्या कित्येक महिने भाकरी दुधात कुस्करून खातायत, त्यांना असं सोडवत नाही.

चावा आणि ट्रायल एकाच दिवशी कोणी केलंय का, मधे मेणात दात लावायला वेळ कसा काढलात? आणि प्रवासखर्चासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांकडे अर्ज केला तर काही होतं का? प्लीज सांगा, पुढची तारीख सोमवारची आहे.