क्वेबेकने एरिना बांधलं, टीम आलीच नाही. अडलं कुठे?

थंडगार (धागा)
आइस हॉकीबद्दल विचारतोय, आपल्या मैदानी हॉकीबद्दल नाही. कॅनडातल्या क्वेबेक सिटीने सप्टेंबर २०१५ मध्ये १८,२५९ खुर्च्यांचं सेंटर व्हिडिओट्रॉन उघडलं. पैसा प्रामुख्याने शहराचा आणि प्रांताचा, हेतू एकच: १९९५ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला गेलेल्या नॉर्डिक्स या जुन्या संघाच्या जागी पुन्हा एनएचएलची (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात वरची आइस हॉकी लीग) टीम. प्रेक्षक वेडे, क्वेबेकोरसारखी मीडिया कंपनी मालक व्हायला तयार. तरी जून २०१६ मध्ये टीम मिळाली लास वेगासला, जिथे बर्फ फक्त ग्लासात दिसतो.
दोन प्रश्न आहेत. क्वेबेकचं नेमकं काय कमी पडलं? आणि ज्या शहरात बास्केटबॉलचं एरिना आहे, त्याने वेगळं बांधायचं कशाला, त्याच फ्लोअरवर बर्फ का करत नाहीत?

आकडेमोड
पहिल्याचं उत्तर विनिमय दरात आहे. कॅनडातल्या संघाची तिकिटं, खाणंपिणं, स्थानिक जाहिराती हे सगळं कॅनेडियन डॉलरमध्ये जमा होतं, खेळाडूंचे पगार मात्र अमेरिकन डॉलरमध्ये जातात. २०१६-१७ ला एका संघाच्या पगारावर कमाल मर्यादा होती ७.३ कोटी अमेरिकन डॉलर. कॅनेडियन डॉलर ७५ सेंटला धरा, ते ९.७ कोटी होतात. जानेवारी २०१६ मध्ये तर तो ७० सेंटच्याही खाली घसरला होता.

आता नव्या संघाने लीगला द्यायची तेव्हाची प्रवेश फी बघा: ५० कोटी अमेरिकन डॉलर. ७० सेंटने ७१ कोटी कॅनेडियन. अख्खं एरिना बांधायला लागले साधारण ३७ कोटी! इमारतीच्या जवळपास दुप्पट पैसा नुसता दारातून आत यायला. बांधकामाचा अंदाज सगळेच नीट काढतात, हा दुसरा आकडा मात्र शहराच्या हातातच नसतो.

लीगने चलनाबरोबर भूगोलाचंही कारण दिलं. लीगचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन गट आहेत. तेव्हा ईस्टमध्ये १६ संघ होते, वेस्टमध्ये १४, आणि क्वेबेक पडतं ईस्टमध्ये. पण हे कारण मी अर्धंच धरतो. २०११ मध्ये अटलांटाचा संघ विनिपेगला गेला तेव्हा कॅनडाच्या मध्यावरचं ते शहर दोन हंगाम फ्लोरिडाच्या संघांबरोबर साउथईस्ट डिव्हिजनमध्ये खेळलं. लीगला हवं असलं की नकाशा वाकतो.

विनिपेगचं उदाहरण इथे महत्त्वाचं आहे. तिथलं एरिना २००४ चं, जेमतेम १५,००० खुर्च्यांचं. सात वर्षं त्यात खालच्या लीगचा संघ खेळला, कार्यक्रम झाले, इमारतीची सवय लागली. संघ पडला १७ कोटी डॉलरला, त्यातले ६ कोटी लीगची स्थलांतर फी. त्या वेळी दोन्ही डॉलर जवळपास एकास एक होते. पाच वर्षांनी हेच गणित बसलं नसतं.

खारं_पाणी
दुसऱ्या प्रश्नाचं घेतो. बर्फ ही अडचण नाहीच, अडचण खुर्च्यांची आहे.

बास्केटबॉलचं कोर्ट ९४ × ५० फूट. एनएचएलची रिंक २०० × ८५ फूट. बास्केटबॉलसाठी खुर्च्यांची वाटी उतरवली की पहिल्या रांगा कोर्टाला चिकटतात. तिथे रिंक बसवायची तर दोन्ही टोकांच्या खालच्या रांगा काढाव्या लागतात, आणि वरच्या रांगांचा उतार कोर्टाच्या हिशोबाचा असल्याने तिथून जवळचा गोल दिसतच नाही. फिनिक्सच्या बास्केटबॉल एरिनात १९९६ पासून कोयोटीज हा एनएचएलचा संघ खेळला, तिथे हेच झालं आणि २००३ मध्ये तो जवळच्या ग्लेनडेलला गेला. ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये तर हॉकीच्या वेळी स्कोअरबोर्ड रिंकच्या मध्यावर येत नसे. उलटं मात्र चालतं. हॉकीच्या मापाने बांधलं तर सरकत्या खुर्च्या पुढे ओढून बास्केटबॉल खेळवता येतं. म्हणून दोन्ही हवं असेल तर मोठं माप आधी धरायचं.

फ्लोअरमध्ये काय लागतं तेही सांगतो. सगळ्यात खाली उष्णता देणारा थर, मग इन्सुलेशन, मग काँक्रीटचा स्लॅब आणि त्यात जवळजवळ बसवलेले कित्येक मैलांचे पाइप. पाइपांतून थंड केलेलं खारं पाणी किंवा ग्लायकॉल फिरतं. खालच्या उष्ण थराचा खर्च वाचवायला गेलात तर हळूहळू जमीनच गोठते, फुगते आणि स्लॅबला तडे जातात. मग सगळं फोडूनच काढावं लागतं. वर बर्फ जेमतेम इंचभर. तो एकदम ओतत नाहीत. आधी फवाऱ्याने पातळ थर, मग पांढरा रंग, तो पक्का करायला पुन्हा थर, मग रेघा आणि चिन्हं, मग थरावर थर. बास्केटबॉल किंवा गाण्याच्या कार्यक्रमाला बर्फ काढत नाहीत, वर इन्सुलेटेड पाट्या अंथरतात.

हवेतला ओलावा ही खरी डोकेदुखी. हजारो माणसं श्वास सोडतात, दारं उघडी राहतात, मग बर्फावर दव धरतं आणि पक (खेळायची रबरी चकती) हळू पळतो. ओलावा काढणारी यंत्रं कमी क्षमतेची घेणं ही अगदी नेहमीची कंजुषी.

थंडगार
मग सिअ‍ॅटलच्या की-एरिनात हॉकीचं कसं जमलं? तेही बास्केटबॉलचंच होतं ना?

खारं_पाणी
जमलं, कारण आतलं काहीच ठेवलं नाही. वरचं छप्पर वारसा म्हणून संरक्षित, वजन सुमारे २० हजार टन. ते तात्पुरत्या पोलादी खांबांवर तोलून धरलं, खालचं सगळं काढलं आणि आणखी खोल खणून नवी वाटी बसवली. खर्च १०० कोटी डॉलरच्या वर, पैसा खासगी. 'दुरुस्ती' हा शब्द तिथे फक्त कागदावर.

करारपत्र
वरच्या दोघांनी लीगची आणि इमारतीची बाजू सांगितली, शहराची राहिली. टीम नसताना बांधलेलं एरिना दुसऱ्याच शहराच्या कामी येतं. कॅन्सस सिटीने २००७ मध्ये नवं एरिना उघडलं. त्याआधी पिट्सबर्गच्या पेंग्विन्स या एनएचएल संघाला बिनभाड्याची ऑफर दिली होती. पेंग्विन्स गेले नाहीत, पण घरच्या शहरावर दबाव आला आणि पिट्सबर्गला २०१० मध्ये नवं एरिना झालं. कॅन्सस सिटीकडे कार्यक्रम आले, एनएचएल नाही.

म्हणून करार दोन परिस्थितींचा करा, टीम आली तर आणि नाही आली तर. भाडं, नामहक्काची (एरिनाला कंपनीचं नाव देण्याची) रक्कम, तोटा कोण भरणार, तीनही आकडे दोन्ही रकान्यांत लिहा. क्वेबेकने नामहक्काच्या बाबतीत हे केलं होतं. टीम न आल्यास क्वेबेकोरने द्यायची रक्कम कमी होती. पण तो करार निविदेशिवाय झाला. कोर्टात अडकू नये म्हणून २०११ मध्ये खास कायदा करावा लागला आणि त्या वादात पार्टी क्वेबेक्वा या प्रांतातल्या पक्षाचे काही आमदार पक्ष सोडून गेले. निविदेत गेले असते ते महिने स्वस्त पडले असते.

मतदारांना विचारायचं असेल तर मालकाशी सगळं ठरवून बसण्याआधी विचारा. फिनिक्सजवळच्या टेंपीत मे २०२३ मध्ये कोयोटीजच्या नव्या एरिनाचे तीनही प्रस्ताव मतदानात पडले आणि त्यांचे खेळाडू २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेले. तिथलं डेल्टा सेंटर बास्केटबॉलच्या मापाने बांधलेलं होतं, त्यामुळे खारं_पाणी यांनी सांगितलेली न दिसणाऱ्या गोलची तक्रार पहिल्याच हंगामात सुरू झाली.