वर्षभर सलग एएफ : अ‍ॅब्लेशनला उशीर झाला, आता काय?

निशिगंध :
ह्यांचं वय ६१. चौदा महिन्यांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला, तेव्हा एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं) सापडलं. त्रास काहीच नव्हता. डॉक्टर म्हणाले, ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवू, रक्त पातळ करायची गोळी देऊ, मग बघू. ते 'बघू' आजपर्यंत चाललं. हल्ली जिना चढताना हे मधल्या वळणावर थांबतात आणि मोबाइल काढून काहीतरी बघतोय असं दाखवतात. मला कळतं. नव्या डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. डावी कर्णिका, म्हणजे हृदयाचा वरचा डावा कप्पा, ४७ मिमी निघाली, म्हणजे मोठी झालेली. म्हणाले, अ‍ॅब्लेशन (शिरेतून नळी घालून हृदयातली बिघडलेली विद्युत वाट डागून तोडणं) आधीच व्हायला हवं होतं, तरी करू. तारीख चार महिन्यांनंतरची. रात्री ह्यांच्या मनगटावर बोट ठेवून पडते. दोन ठोके घाईघाईत, मग लांबलचक थांबा. वेळ निघून गेली का? आणि हे चार महिने नुसतं थांबायचं का?

रानवाट :
ताई, माझं एएफ अडीच वर्षं सलग होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

उशिराने फरक पडतो, हे खरं आहे. १९९५ मध्ये शेळ्यांवर प्रयोग झाला होता. जितका वेळ एएफ चालू ठेवलं, तितकं ते आपोआप थांबणं अवघड होत गेलं. कर्णिका ताणली जाते, भिंतीत चट्टे पडतात. सुरुवातीला खोडी बहुधा फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असते, तिथली विद्युत वाट तोडली की भागतं. वर्ष उलटलं की बरेचदा भिंतच बिघडलेली असते. आणि जास्त ठिकाणी डागलं म्हणून जास्त गुण येतो असंही नाही, २०१५ च्या स्टार एएफ-२ चाचणीत तेच दिसलं.

तुमच्या पहिल्या डॉक्टरांवर मात्र फार राग धरू नका. २००२ च्या अ‍ॅफर्म चाचणीत लय सुधारणं आणि नुसता वेग आवरणं यांत आयुष्यमानाचा फरक दिसला नव्हता, त्यामुळे बरीच वर्षं 'बघू' हाच रिवाज होता. २०२० मध्ये ईस्ट चाचणी आली. निदानापासून वर्षाच्या आत लय सुधारायला घेतलेल्यांत पक्षाघात, हार्ट फेल्युअर, हृदयविकाराने मृत्यू या सगळ्यांचं मिळून प्रमाण कमी निघालं.

आता माझं. अ‍ॅब्लेशनआधी मला छातीवर विजेचा शॉक देऊन नेहमीची लय आणली. ती नऊच दिवस टिकली. पण तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आलो आणि बसायची गरजच वाटली नाही. अडीच वर्षं मी अंग पुसायला पलंगावर बसत होतो, वय झालं म्हणून. ह्यांना शॉक देऊन बघता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. 'त्रास नाही' म्हणणाऱ्यालाही त्यातून कळतं, आणि लय आल्यावर बरं वाटतं का हे डॉक्टरांनाही कळतं.

पहिल्या अ‍ॅब्लेशननंतर सात महिन्यांनी परत एएफ आलं. दुसरं केलं. त्याला आता पावणेदोन वर्षं झाली, लय टिकून आहे.

सायली_म :
मी कार्डिॲक टेक्निशियन आहे. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवू नका. शॉकच्या आधी किमान तीन आठवडे ती सलग हवी (नाहीतर अन्ननलिकेतून इको करून हृदयात रक्ताची गाठ नाही ना ते बघतात) आणि नंतर किमान चार आठवडे. लय आली म्हणून स्वतःहून बंद करायची नाही, ती पक्षाघाताचा धोका बघून ठरते. दुसरं, हे घोरतात का? झोपेत श्वास अडकतो का? अडकत असेल तर आत्ताच तपासा. वजन जास्त असेल तर तेही आत्ताच. दहा टक्के वजन उतरवून टिकवलेल्यांत लय चांगली राहते.

निशिगंध :
घोरतात, आणि मधेच श्वास थांबतो. मी कूस बदलायला लावते, एवढंच करत होते. हे कुणी विचारलंच नव्हतं. उद्या सकाळी फोन करून झोपेच्या तपासणीचं विचारते. शॉकचंही वहीत लिहून ठेवलंय. रानवाट, तुमचा आंघोळीचा किस्सा ह्यांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, "जिन्यात मी खरंच थांबतो."